अंगठ्याची वही

एमआरआयच्या कंट्रोल रूममध्ये बसलं की काचेपलीकडे पेशंटचे फक्त पाय दिसतात. डोकं-धड बोगद्यात गेलेलं असतं. आमच्या वाट्याला येतात ते तळवे. भेगाळलेले, मेंदी लावलेले, जोडवी नुकतीच उतरवल्यामुळे बोटावर पांढरा वळ राहिलेले. पुण्यातल्या एका रुग्णालयात हे काम करता करता मला 22 वर्षं झाली. भाजी घेताना कुणी ओळख दाखवली की माझी पंचाईत होते. चेहरा आठवत नाही, आणि जरा पाय दाखवा असं म्हणता येत नाही.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, मला कळला तोही पायांवरूनच. नोकरीचं पहिलं-दुसरं वर्ष असेल. एका काकांच्या उजव्या पायाचा अंगठा सारखा हलत होता, शिवणयंत्राची सुई चालावी तसा. डावा पाय मात्र अगदी स्वस्थ. मला वाटलं, कंटाळलेत, चाळा करतायत. स्पीकरवरून सांगितलं, "काका, हलू नका हं." अंगठा थांबण्याऐवजी पूर्ण पाऊलच हलायला लागलं. मी पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. बाहेर बाकावर 11 जण बसलेले आणि इथे चित्र फिस्कटतंय, म्हणजे ती सिरीज पुन्हा लावा. मला त्यांचा रागच आला होता, लपवत नाही.

त्याहून वाईट मी नंतर केलं. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर थरथरायचा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, जणू कापसाची वात वळतायत. मी क्रेप बँडेज घेतलं आणि तो हात सरळ टेबलाच्या पट्ट्याला गुंडाळून टाकला. हात थांबला. पाच मिनिटांनी हनुवटी सुरू झाली. मेंदूचा फोटो काढताना हाताचं हलणं एक वेळ चालतं, हनुवटीचं नाही. बाहेर काढल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्या शाळेत असता तर मुलं पळून गेली असती." मग बँडेज सोडता सोडता हाताकडे बघत म्हणाल्या, "त्याला 'हलू नकोस' म्हटलं ना, की जोर चढतो. ऐकू येतं त्याला."

मला ते तेव्हा म्हातारपणचं बोलणं वाटलं.

आमच्याकडे कंपवाताचे पेशंट येतात ते कंपवात दिसावा म्हणून येत नाहीत. नेहमीच्या एमआरआयमध्ये तो बहुधा दिसतच नाही. डोक्यात पाणी साठलंय का, लहानसहान झटके येऊन गेलेत का, गाठ आहे का, हे बघून बाजूला सारायचं असतं. त्यामुळे रिपोर्ट "नॉर्मल" येतो आणि नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, "मॅडम, सगळं नॉर्मल आहे, मग हात का थरथरतो?" मी वर्षानुवर्षं "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणत आले. टेक्निशियनने रिपोर्टवर बोलायचं नसतं हा नियमच आहे. पण नियम नसता तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो आमच्या मेंदूविकार विभागात शिकायला आलेल्या एका तरुण डॉक्टरकडून. त्याला प्रबंधासाठी कंपवाताच्या पेशंटांचे वेगळ्या प्रकारचे स्कॅन काढायचे होते. मशीन रविवारीच मोकळं असायचं आणि रविवारी यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून मी. बदली सुट्टी मिळेल असं सांगितलं होतं. ती मिळाली नाही, ते असो.

हे स्कॅन आमच्या रोजच्या कामाच्या उलटे होते. पेशंटला काहीच करायला सांगायचं नाही. डोळे उघडे ठेवून समोरच्या फुलीकडे बघत आठ मिनिटं पडून राहायचं आणि मशीन दर दोन सेकंदांना पूर्ण मेंदूचं एक चित्र घेणार. मी म्हटलं, काहीच न करणाऱ्या माणसाच्या मेंदूत बघायचं काय? तेव्हा त्याने भरत बिस्वाल यांची गोष्ट सांगितली. 1995 साली, अमेरिकेत मिलवॉकीला विद्यार्थी असताना, त्यांनी माणसांना असंच नुसतं पडून राहायला सांगून स्कॅन केले होते. डाव्या हाताचा भाग मेंदूच्या उजव्या अंगाला, उजव्या हाताचा डाव्या अंगाला. दोन्ही हात स्वस्थ, तरी त्या दोन जागांमधल्या रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार एकाच तालात चाललेला. अगदी संथ ताल, एक आवर्तन पुरं व्हायला दहा सेकंदांहून जास्त वेळ घेणारा. आधी पुष्कळांनी तो मशीनचा आणि श्वासाचा गोंगाट म्हणून पुसून टाकला होता.

"म्हणजे असं बघा," तो म्हणाला, "वाड्याचा नकाशा काढला तर खोल्या किती ते कळतं. कोण कोणाशी बोलतं आणि कोणाचं कोणाशी वाकडं आहे, ते नकाशात येत नाही." आमचा नेहमीचा एमआरआय म्हणजे वाड्याचा नकाशा. भिंती शाबूत, छप्पर शाबूत, रिपोर्ट नॉर्मल. वाकडं असतं ते बोलण्यात. तुळशीबागेमागच्या वाड्यात बालपण गेलेल्या मला हे लगेच पटलं.

मग त्याने मला एक वही दिली. कुठल्याशा औषध कंपनीची डायरी होती. परदेशात मोठ्या संशोधनसंस्थांमध्ये पेशंटच्या हाताला तारा लावून स्नायूंची थरथर स्कॅनबरोबरच नोंदवतात. आमच्याकडे मशीनमध्ये चालतील अशा तारा नव्हत्या. "तुम्हाला काचेतून अंगठा दिसतो ना? तो कधी हलतो, कधी थांबतो, ते घड्याळ बघून लिहा." सेकंदाला चार ते सहा हेलकावे ही या थरथरीची गती. मशीन एक चित्र काढतं तेवढ्यात अंगठा आठ-दहा वेळा हलून मोकळा. माझ्या नोंदींना शास्त्र म्हणणं कठीण आहे. पण ज्या अंगठ्यावर मी डाफरत होते, तोच आता टक लावून बघायचं काम आलं, आणि बघायला लागल्यावर दिसायला लागलं.

थरथर सलग नसते. येते, वाढते, विरते. एका बाजूची दुसरीला विचारत नाही. मशीनचा आवाज बदलला की अंगठा दचकल्यासारखा जोर धरतो. एक आजी आत झोपी गेल्या, घोरणं मला इंटरकॉमवर ऐकू येत होतं, आणि पाय असे पडले होते जसे कुणाही झोपलेल्या माणसाचे पडतात. झोपेत हा कंप थांबतो हे पुस्तकात असतं. पण समोर घडताना बघितलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसती बघत राहिले. डॉक्टर मात्र वैतागला. झोपलेला मेंदू त्याला चालत नव्हता, आजींना उठवावं लागलं. मी "आजी" म्हटलं आणि डोळे उघडले असतील नसतील तोच अंगठा सुरू.

या स्कॅनसाठी पेशंट कंपवाताच्या गोळीविना यायचे. आदल्या रात्रीनंतर लेव्होडोपा घ्यायचं नाही, म्हणजे निदान 12 तास औषधावाचून. कागदावर ही एक ओळ आहे. रविवारी सकाळी साडेसातला ती ओळ लिफ्टमधून बाहेर यायची. एका मुलाने वडिलांना जवळजवळ उचलून आणलेलं, कारण लिफ्टच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळले. एका काकूंनी सांगितलं, ह्यांच्या शर्टची पाच बटणं लावायला 20 मिनिटं लागली आणि मी लावते म्हटलं तर रागावले. सगळ्यांना समजावून, सह्या घेऊनच बोलावलेलं असायचं. तरीही मला ते रविवार जड गेले. एकांनी डॉक्टरला विचारलं, "यातून मला काय फायदा?" त्याने खरं सांगितलं, "काका, तुम्हाला काहीच नाही." काका म्हणाले, "चहा तरी द्याल की नाही?"

तर चहाबद्दल. स्कॅन झाला की पेशंट डबीतली गोळी घ्यायचे आणि आम्ही कॅन्टीनमध्ये बसायचो. दूध-डाळ-अंडं अशा प्रथिनांबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून चहाही कोरा आणि जरा उशिराच. गोळीचा असर चढायला अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात मी पहिल्यांदा पायांऐवजी हात बघितले.

मांडीवर हात थरथरतोय. माणूस कपाकडे हात नेतो आणि थरथर थांबते. कप उचलतो, तोंडाला लावतो, एक थेंब सांडत नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक संशयाने बघतात, मघाशी नाटक करत होता काय? पण तोच कप हातात धरून माणूस बोलायला लागला, की आठ-दहा सेकंदांनी चहावर बारीक लाटा उठतात. हात नव्या जागी विसावला की कंप तिथे येऊन पोचतो. दुसऱ्या एका प्रकारच्या कंपात उलट होतं. तिथे मांडीवरचा हात शांत आणि कप उचलल्याक्षणी बशीत चहा. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, आणि कंपवात समजून घाबरलेली अशी पुष्कळ माणसं आमच्या बाकावर बसून जातात. निदान करणं माझं काम नव्हे. पण घरी लग्नाकार्यात कुणाच्या हातात कप दिसला की मी मनात सेकंद मोजायला लागते, ही खोड आता जात नाही.

डॉक्टरने एक गंमत करून बघायची ठरवली. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे रिक हेल्मिख आणि त्यांचे सहकारी थरथरीवर काम करतात. त्यांनी पेशंटांना मशीनमध्ये डोक्यातल्या डोक्यात गणितं घातली होती आणि थरथर वाढलेली पाहिली होती. आमच्याकडे बाजार समितीत जन्म काढलेले एक मुनीमजी आले होते. त्यांना सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करत जा. ते उलटे-सुलटे फाडफाड म्हणून गेले, अंगठा होता तसाच. पावकी-निमकी-दीडकी पाठ असलेल्या माणसाला आम्ही काय गणित घालणार! मग स्कॅन संपल्यावर, टेबल बाहेर आलेलं असताना, मुलाने सहज विचारलं, "बाबा, परवाच्या बँकेच्या कामाचं काय करायचं?" आणि हात असा उसळला की छातीवर ठेवलेला, आम्हाला बोलवायला दाबायचा फुगा खाली पडला.

बँकेची भानगड नंतर कळली. कंपवातात अक्षर लहान-लहान होत जातं. मुनीमजींची सही 40 वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळेना. काउंटरवरच्या मुलाने तीनदा सही करायला लावली, रांग मागे उभी, आणि प्रत्येक सही आधीच्याहून बारीक. आपल्याच पैशासाठी आपण चोर ठरतोय असं त्यांना वाटलं. शंभरातून सात वजा करणं हा भार नव्हता, भार हा होता.

त्या दिवशी शिक्षिकाबाईंचं "ऐकू येतं त्याला" माझ्या डोक्यात परत आलं. मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका आहे, लोकस सेरुलियस. ताण आला की तिथून नॉरएड्रेनालिन सुटतं आणि थरथरीच्या वाटेवर आणखी जोर पडतो. मी स्पीकरवरून "हलू नका" म्हणत होते तेव्हा नेमका तोच ठिपका डिवचत होते.

ही वाट कुठली, ते मला पंख्यावरून समजलं. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. हालचालीतली लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. हालचाल मंदावणं आणि अंग ताठरणं यांचा या घटीशी हिशोब बराचसा जुळतो. थरथरीचा जुळत नाही. कुणाचं डोपामिन पार आटलेलं, पण थरथर नाही. कुणाची थरथर अशी की हातातलं वर्तमानपत्र फाटावं, आणि चालणं मात्र ठाकठीक. हेल्मिख यांच्या गटाने 2011 साली मांडलं की यात दोन जाळी गुंतलेली आहेत. एक मेंदूच्या खोल भागातल्या गाठींचं, बेसल गँग्लियाचं. दुसरं लहान मेंदूपासून थॅलॅमसमार्गे वरच्या सालीपर्यंत जाणारं. पहिलं कंप सुरू करतं, दुसरं तो किती मोठा ते ठरवतं. त्यांनी दिव्याचं बटण आणि उजेड कमी-जास्त करायची खुंटी अशी उपमा दिली. मी माझ्या सोयीने पंखा धरला. बटण एका खोलीत, रेग्युलेटर दुसऱ्या खोलीत, आणि दोन्हीकडून तारा मोटर कॉर्टेक्सला, म्हणजे सालीतल्या हालचालीच्या भागाला, आलेल्या. फ्रान्समध्ये ग्रनोबलला आलीम-लुई बेनाबिद यांनी 1987 पासून थॅलॅमसमध्ये बारीक तार सोडून जलद विजेचे ठोके द्यायला सुरुवात केली आणि थरथर थांबवली. ती तार रेग्युलेटरच्या वाटेवर बसते. गोळी मुख्यतः बटणाच्या बाजूला काम करते. म्हणून एखाद्याचं चालणं गोळीने सुधारतं आणि हात तसाच राहतो.

हे कळल्याने माझं एक बोलणं बदललं. एक गृहस्थ होते, त्यांची सून दर वेळी तक्रार करायची, "गोळ्या घेत नाहीत नीट, बघा हात कसा हलतोय." ते काही बोलायचे नाहीत. चेहऱ्यावरचे भाव या आजारात तसेही गोठतात, त्यामुळे मुद्दाम गप्प बसलेत असं वाटायचं. मी नियम मोडून सुनेला पंखा समजावला. गोळ्या घेतायत, ते खुर्चीतून कसे उठले बघा, हाताकडे बघू नका. ती बराच वेळ गप्प राहिली. पुढच्या वेळी आली तेव्हा सासऱ्यांचं जाकीट तिने धरलं होतं आणि बटणं तेच लावत होते. हाताकडे सगळ्यांचं लक्ष जातं कारण तो दिसतो. झोपेत ओरडणं, वास न येणं, बद्धकोष्ठ, उदासी, यांचा फोटो मीही काढू शकत नाही.

एकदा इंदापूरकडचे एक शेतकरी काका खिशातून कागदी पुडी काढून दाखवत म्हणाले, "ह्ये चालंल का?" पुडीत खाजकुइलीच्या बिया होत्या. मी हसणार होते. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, गोळीत जे लेव्होडोपा आहे तेच या बियांत आहे, 1937 साली मद्रासमध्ये ते बियांतून वेगळं काढलं गेलं. पण कुठल्या बीत किती ते कळत नाही, आणि वरून गोळी चालू आहे, तेव्हा मनाने काही घेऊ नका. काकांनी पुडी परत खिशात ठेवली. घेतलं की नाही देव जाणे.

प्रबंधाचं शेवटी काय झालं? डॉक्टरने पहिल्या काही स्कॅनवरून रंगीत चित्रं काढली तेव्हा स्वारी फार खूष होती. लाल-निळ्या रेषा, कुठे जाड, कुठे तुटक. मग डोक्याच्या हालचालीचा हिशोब मांडायला बसला. 2012 मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी जाळ्याचं चित्र बदलतं. जवळजवळच्या जागा उगाच घट्ट बांधलेल्या दिसतात, लांबच्यांचं नातं उगाच सैल. म्हणजे आजाराचा परिणाम म्हणून जे हौसेने दाखवावं ते नुसतं हलणंही असू शकतं. आम्ही डोक्याभोवती फोम ठासून भरायचो, डोक्यावरचा पिंजरा बंद करायचो, तरी हाताची थरथर खांद्यातून मानेत पोचायचीच. त्याने कठोरपणे स्कॅन गाळले. गाळता गाळता सगळ्यात जास्त थरथरणारे गेले. राहिले ते फारसे न हलणारे. ज्यांच्या थरथरीसाठी हा सगळा खटाटोप, ज्यांनी गोळीविना रात्र काढली, तेच बाहेर. मी विचारलं, मग त्यांना उगाच त्रास दिला का आपण? तो बराच वेळ माऊस फिरवत बसला आणि म्हणाला, "जे राहिलेत त्यांच्यावरून जास्त बोलायचं नाही, एवढं तरी पाळतो." प्रबंधात त्याने तेच लिहिलं. पास झाला, पुढे गेला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्या एका वाक्यासाठी.

वही माझ्याकडेच राहिली. 8:14 सुरू. 8:16 जोर. 8:17 थांबला (खोकला). अशा 31 माणसांच्या नोंदी. नावं नाहीत, फक्त उजवा की डावा.

आता "हलू नका" मी म्हणत नाही. नव्या मुलांनाही म्हणू देत नाही, ती मला हसतात. टेबलावर घेतलं की विचारते, पाय गार पडलेत का, पांघरूण घालू का, रेडिओ लावू का. हाताखाली उशी देते, बांधत नाही. फुगा बऱ्या हातात देते. खूप थरथरणाऱ्यांना सकाळची वेळ देत नाही, गोळी चढलेली असेल अशी वेळ विचारून घेते. चित्रं पूर्वीपेक्षा कमी फिस्कटतात.

गेल्या महिन्यात परत एका डॉक्टरीणबाईंचं रविवारचं काम निघालं. तेच फुलीकडे बघत पडून राहणं. आत एक आजोबा होते. काचेतून डाव्या पायाचा अंगठा दिसत होता, बारीक, एकसारखा. चौथ्या मिनिटाला तो मंदावला. मग थांबला. मी माईक ओढला.

"आजोबा, झोपलात का?"

"नाही, नाही," आतून आवाज आला, आणि अंगठा सुरू झाला. मी वेळ लिहिली आणि सिरीज पहिल्यापासून लावली.